वर चढावं तसं साल उतरतं

पहाटे साडेचारला सुकापूर पुरतं झोपलेलं नसतं. माथेरान रोडवर दुधाचा टेम्पो क्रेट उतरवतोय, पाळी संपवून परतलेला कुणी रिक्षातून उतरून सुट्टे पैसे मोजतोय, आणि तुम्ही सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताय. पाठीवरच्या पिशवीत तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, दोन संत्री. पायात तळ न झिजलेले बूट. दिवस फाल्गुनाचे आहेत, होळी दोन दिवसांवर आली आहे. कातळ कोरडा असतो तो याच दिवसांत. पावसाळ्यात ही वाट शेवाळाने निसरडी होते, आणि तेव्हा तिच्या वाट्याला जाऊ नये, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

पूर्वेकडे, दोन इमारतींच्या मधल्या फटीत, डोंगर उभा आहे. अजून नुसता काळा. एकीकडे प्रबळगडाचा लांबच लांब सपाट माथा, मग खोल खाच, आणि खाचेच्या या अंगाला एकटा सुळका. तोच कलावंतीण. समुद्रसपाटीपासून सुमारे २२५० फूट. तुमच्या गॅलरीतून तो रोज दिसतो. कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना, मुलाला स्कूलबसमध्ये बसवून हात हलवताना. आज तुम्ही तिथून इकडे बघणार आहात.

या वाटेचा एक नियम आहे, तो आधीच सांगून ठेवायला हवा. जिथे जिथे तुम्ही दम खायला थांबाल, तिथे तिथे साल मागे गेलेलं असेल. पाय वर चढतील, वर्षं खाली उतरतील. घाबरू नका. ज्या काळात थांबाल तिथले लोक तुम्हाला काही करणार नाहीत. त्यांना त्यांची कामं आहेत.

निघताना गाढी नदीकडे एकदा बघून घ्या. पावसाळ्यात सुकापूरच्या कडेने जे गढूळ पाणी धावत पनवेलच्या खाडीकडे जातं, ते याच डोंगरांवरून आलेलं असतं. माथेरानच्या उतारावर पडलेला पाऊस नेऱ्याच्या, चिपळ्याच्या अंगाने तुमच्यापर्यंत येतो. आणि ज्या इमारतीतून तुम्ही आत्ता बाहेर पडलात, तिच्या काँक्रीटमधली खडीही याच जातीच्या काळ्या दगडाची, तालुक्यातल्या कुठल्यातरी खाणीतून क्रशरमधून निघालेली. पालीदेवद ग्रामपंचायतीच्या या टापूत पूर्वी भाताची खाचरं होती. तेव्हा डोंगर लांब होता आणि लोक खाली. आता डोंगराचेच तुकडे खाली येऊन सात-सात मजले उभे राहिलेत.

पनवेलचा स्टँड, जुना मुंबई-पुणे रस्ता, शेडुंग फाटा, मग आत वळून ठाकूरवाडी. हा प्रवास चटकन उरकू. ठाकूरवाडीत नाव लिहा, आणि वाडीतला कुणी जाणता मुलगा सोबत येतो म्हणाला तर त्याला नाही म्हणू नका. त्याचे पाय ही वाट वाचत वाढलेत.

पहिला चढ मुरमाचा आणि मोठा आहे. पळस फुललाय, पांगारा फुललाय, काटेसावरीला पान नाही आणि फुलं मात्र लाल, जाड, पायाखाली पडलेली. पहिल्या सपाटीवर तुम्ही थांबता, बाटलीचं टोपण फिरवता, आणि फुलं नाहीशी होतात.

अंधार आहे. पाऊस नुसता कोसळतोय. साल २०२३, १९ जुलैची रात्र. याच रांगेत, पलीकडे इर्शाळगडाच्या पोटाशी, इर्शाळवाडी आहे. ठाकर आदिवासींची, या डोंगरातल्या इतर वाड्यांसारखीच. रात्री उशिरा, माणसं जेवून आडवी झाल्यावर, वरचा डोंगर सुटून घरांवर आला. तुम्ही उभे आहात तिथून काही दिसत नाही. पण पुढचे चार दिवस काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. यंत्रं वर जाऊ शकत नव्हती, वाट पायाची होती, म्हणून माणसांनी हातात कुदळ-फावडी घेऊन चिखल उपसला. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. शोध थांबवला तेव्हा ती जमीनच त्यांची जागा झाली.

हे सगळ्यात जवळचं साल आहे, म्हणून सगळ्यात जड. पुढे तुम्हाला लढाया दिसतील, तह दिसतील, आणि त्यांना तीनशे वर्षांचं अंतर असेल. या रात्रीला अंतर नाही. चढताना डाव्या-उजव्या हाताला जी घरं लागतील, त्यांतल्या कुणाचं ना कुणाचं माणूस त्या बाजूला दिलेलं असू शकतं. वर गेल्यावर आरडाओरडा करू नये, गाणी मोठ्याने लावू नयेत, याचं एवढं एक कारण मला पुरतं.

चाला.

वाटेत एका मोठ्या खडकावर गणपती आणि मारुती कोरलेत, शेंदूर लावलेले. इथून माची सुरू होते. प्रबळमाची म्हणजे गडाच्या कमरेवरची सपाटी, तिच्यावर ठाकरांची घरं, शेणाने सारवलेली अंगणं, आंब्याची झाडं. आज त्या अंगणांत तुम्हाला चहा मिळतो, पिठलं-भाकरी मिळते, रात्री तंबू टाकायला जागाही मिळते. "पाव्हनं, च्या घेता?" असं विचारणारी बाई पाणी कुठून आणते ते मात्र बघा. उन्हाळ्यात इथे पाणी हेच रोजचं काम असतं. तुम्ही हंड्याकडे बघत अंगणाच्या कडेला टेकता, आणि हंडा तांब्याचा होतो, अंगणापलीकडची विजेची तार नाहीशी होते.

साल १८५०. मे महिना. प्रबळच्या मागे, दरीपलीकडे, माथेरानचा डोंगर आहे आणि त्याच्यावर एकही बंगला नाही. नुसतं जंगल. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या दिवसांत चौकला मुक्काम करून आहे. चौक म्हणजे इर्शाळच्या पायथ्याचं गाव. तो तिथून माथेरानवर चढून जाईल, हवा बघेल, पाणी बघेल, आणि त्याच्या एका चढाईवरून तिथे गाव वसेल. मग राज्यपाल लॉर्ड एल्फिन्स्टन येईल, वाटा आखल्या जातील, आणि १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने बांधलेली छोटी आगगाडी नेरळहून वळणं घेत वर पोचेल. साहेब लोकांनी प्रबळही हवा खाण्यासाठी बघितला होता. माथा मोठा होता, झाडी होती, वारा होता. पाणी पुरेना. म्हणून तो सोडून दिला.

जरा थांबून याचा विचार करा. पाण्याचे झरे थोडे जोरात असते तर आज तुम्ही बसलाय तिथे घोड्यांचे तबेले असते, चिक्कीची दुकानं असती, आणि माचीवरचे ठाकर त्या घोड्यांमागे धावत असते. पाणी कमी पडलं म्हणून डोंगर वाचला, आणि तीच तहान माचीवरच्या बायकांच्या डोक्यावर हंड्याने चढत राहिली. या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

उठा. माचीच्या मागून वाट झाडीत शिरते. कारवी, करवंदीच्या जाळ्या, दगडांचा खच. पुढच्या झाडाखाली थांबाल तिथे साल असेल १८२७ च्या अखेरचं.

मराठी राज्य जाऊन दहाएक वर्षं झालीत. १८१८ साली कर्नाळा पडला, प्रबळ पडला, खालच्या सगळ्या चौक्यांवर कंपनीचा माणूस बसला. कर्नाळ्याचा शेवटचा किल्लेदार अनंतराव फडके शिरढोणचा; त्याचाच नातू वासुदेव बळवंत पुढे १८४५ ला त्या गावात जन्मेल. पण आत्ता या जंगलात जी कुजबुज आहे ती उमाजी नाईकाच्या माणसांची. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा हा रामोशी. ज्या गडांच्या राखणीवर त्याच्या जातीचं पोट होतं, ते गड इंग्रजांनी घेतले आणि राखणदारांना मोकळं केलं. त्याने सैन्य उभं केलं, आणि कोकणातल्या गावांना हुकूम पाठवला की सारा इंग्रजांना भरू नका, आम्हाला भरा. प्रबळवर तो काही काळ राहून गेला.

इथेच का? झाडाआडून पश्चिमेला बघा. खाली पनवेल बंदर आहे. मुंबईहून शिडाच्या होड्या भरतीबरोबर खाडीत येतात, माणसं आणि माल उतरतो, आणि तिथून बैलांवर, पालखीत, पायी बोरघाटाकडे निघतो. घाटातला गाडीरस्ता अजून व्हायचाय, तो १८३० ला होईल. मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक खलिता या डोंगराच्या नजरेखालून जातो. जो इथे बसेल त्याला ते सगळं दिसतं. उमाजीला १८३२ साली पुण्यात फाशी दिली गेली. आत्ता मात्र तो जिवंत आहे, आणि कोरड्या पानांवर पाय न वाजवता चालणारी त्याची माणसं तुमच्यापासून हातभर अंतरावरून निघून जातात.

झाडी संपते. आता उघडा दगड. वर प्रबळ आणि कलावंतीण यांच्यामधली ती खाच, जी पहाटे तुम्ही गॅलरीतून बघितलीत. जवळून ती खिंड आहे, दोन्ही बाजूंनी कातळ आणि मधून सुसाट वारा. इथवर यायलाही पायऱ्यांचा भाग लागतो, आणि मांड्या आता बोलायला लागतात. खिंडीत पोचताच तुम्ही दगडाला पाठ टेकता.

साल १६७०.

एका खांद्यावर प्रबळगड, तेव्हाचं त्याचं दुसरं नाव मुरंजन. पाच वर्षांपूर्वी, १६६५ च्या जूनमध्ये, पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना मोगलांच्या मिर्झाराजे जयसिंगांकडे जे तेवीस किल्ले सोपवावे लागले त्यांत हा गेला. शेजारचा कर्नाळाही गेला. आता तह मोडलाय. सिंहगड परत आलाय, एकेक गड परत येतोय, आणि मराठे याही गडावर चढतायत. वर किल्लेदार आहे केशरसिंह हाडा, राजस्थानातून इतक्या लांब या दमट डोंगरावर येऊन पडलेला रजपूत. तो लढतो. लढताना पडतो. त्याआधी गडावरच्या रजपूत बायकांनी जोहार केलेला आहे.

धूर तुम्हाला खिंडीतूनही दिसेल. त्या बायका कुठल्या गावच्या होत्या, पहिल्या पावसात या गडावर त्यांना काय वाटलं असेल, धुक्यात आठ-आठ दिवस काही दिसत नसताना त्या काय बोलत असतील, हे मला फार आठवत राहतं, म्हणजे कल्पनेने. लढाई संपल्यावर मावळ्यांना केशरसिंहाची म्हातारी आई आणि दोन मुलं लपून बसलेली सापडली. शिवाजी महाराजांची आज्ञा आली, आणि त्यांना सन्मानाने देऊळगावी मोगलांच्या छावणीत पोचतं केलं गेलं. ती म्हातारी याच कुठल्यातरी उतारावरून खाली आली असेल. मागे काय जळतंय ते तिला माहीत होतं. खिंडीतल्या वाऱ्यात जरा उभे राहा तिच्यासाठी. इतिहासाची पुस्तकं या ठिकाणी गडावर सापडलेल्या धनाकडे वळतात. तुम्ही नका वळू.

आता वर बघा. हाच तो जिना.

खालून तो दिसतो त्यापेक्षा उभा आहे. कातळाच्या अंगावर नागमोडी कापत गेलेल्या पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, काही झिजून अर्ध्या झालेल्या, एकसारखी एकही नाही. बाहेरच्या बाजूला कठडा नाही, दोर नाही, काही नाही. पायरीची बाहेरची कड संपते तिथे दरी सुरू होते. हात आतल्या भिंतीवर ठेवा. शरीर भिंतीकडे झुकवा. पाय ठेवताना पूर्ण तळवा टेकवा, बोटांवर चढू नका. समोरून कुणी उतरत असेल तर तुम्ही आतल्या बाजूला थांबा, आणि तो नवखा असेल तर आतली बाजू त्याला द्या. फोटोसाठी इथे मागे सरकू नका. मागे जागा नाही.

दहा-बारा पायऱ्यांवर दम लागतो. कडेला खांदा लावून थांबता तेव्हा खाली माचीवर मशाली दिसतात.

साल १६३६. निजामशाही संपत आलीय. शहाजीराजांनी पेमगिरीवर एका लहान मुलाला निजामशहा म्हणून बसवलं आणि दोन-तीन वर्षं त्याच्या नावाने राज्य चालवून दाखवलं. आता दिल्लीचा शाहजहान आणि विजापूरचा आदिलशहा दोघे मिळून त्यांच्या मागे लागलेत. घाट उतरून शहाजीराजे कोकणात आले. दंडाराजपुरीच्या बाजूला आसरा मिळाला नाही, चौलच्या पोर्तुगीजांनीही दार उघडलं नाही. मग मुरंजन. मग इथून उत्तरेला माहुली. तिथे वेढा पडेल, आणि त्या लहान निजामशहाला मोगलांच्या हवाली करून शहाजीराजांना आदिलशाहीची चाकरी धरावी लागेल.

जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा या धावपळीत मुरंजनावर सोबत होते, असं या भागात सांगतात. खरं असेल तर त्या मुलाने हा सुळका बघितला असणार. सहा वर्षांच्या मुलाला काय आठवतं? सामान बांधण्याची घाई, आईचा बदललेला आवाज, दार बंद झाल्याची बातमी घेऊन आलेला स्वार. पुढे ज्या माणसाने कुणाच्या दारात आसरा मागावा लागू नये म्हणून गडामागून गड घेतले, त्याच्या त्या हट्टाचा एक धागा मला या डोंगरावरच्या मुक्कामात दिसतो. हा माझा तर्क आहे, आणि या पायऱ्यांवर उभं राहून तो मला दर वेळी पटतो.

आणखी वर. आता पुढचा थांबा. इथे कुठल्याही पायरीवर साल कोरलेलं नाही, म्हणून मी ते सांगणार नाही. फक्त ऐका.

टण्. टण्. टण्. थांबून पुन्हा टण्.

तुमच्या वरच्या वळणावर दोन माणसं आहेत. एक कातळाला जवळजवळ चिकटून बसलाय, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या फटीत ठोकलेल्या खुंटीला. हातात छिन्नी. दुसरा त्याच्या खालच्या पायरीवर, ती तासून सपाट करतोय. पाथरवट आहेत. यांच्या हाताखालचा दगड म्हणजे काळा फत्तर, अग्नीतून निघालेला, लोखंडाला दाद न देणारा. छिन्नीचं टोक बघता बघता बोथट होतं. म्हणून खाली खिंडीत, वाऱ्याच्या आडोशाला, एक लोहार बसलाय भाता आणि कोळसा घेऊन. बोथट छिन्न्या खाली जातात, टोक काढलेल्या वर येतात. कोळसा माचीवरून येतो. पाणी माचीच्याही खालून येतं. नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधून कुणीतरी आणतं, आणि ते आणणारं माणूस दर वेळी हीच अर्धवट पायऱ्यांची वाट चढून येतं. एक पायरी होते तेव्हा तिच्यामागे एवढी माणसं असतात.

आणि त्यांना दगड कळतो. सगळीकडे फत्तर सारखा नाही. काही थर घट्ट, निळसर काळे. काही थर बुडबुड्यांनी भरलेले, त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक जमलेले, छिन्नीला जरा मऊ. जिना सरळ का गेला नाही, मधेच डावीकडे का वळला, याचं उत्तर राजाच्या मर्जीत शोधू नका. दगड जिकडे तासू देत होता तिकडे तो गेलाय. या भागात हे कसब जुनं आहे. इथून कर्जतकडे कोंडाण्याची लेणी आहेत, घाटावर भाजे आणि कार्ले, इसवी सनाच्या आसपासच्या काळात याच फत्तरात कोरलेली. तिथे दगडाच्या आत सभागृहं झाली, लाकडी घरासारख्या कमानी झाल्या. इथे फक्त पाय ठेवण्यापुरती जागा झाली. पण तिथला कारागीर चुकला तर एक मूर्ती बिघडायची. इथला चुकला तर खाली जायचा.

सह्याद्रीत असे जिने पुष्कळ होते. नाशिककडे हरिहरचा आहे, जवळजवळ उभा, हाताने धरायला खोबणी केलेला. अलंग-मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या, गड पुन्हा कुणाच्या कामाला येऊ नये म्हणून. बारूद काही क्षणांत जे करते ते या दोन माणसांनी महिनोन्महिने उलट्या बाजूने केलं. कलावंतिणीचा जिना राहिला.

लोक सांगतात, एका कलावंतिणीसाठी राजाने वर महाल बांधला. सुंदर गोष्ट आहे, आणि गाईड ती रंगवून सांगतो. तुम्ही वर पोचाल तेव्हा बघा, महाल बसेल एवढी जागाच नाही. ही टेहळणीची जागा होती. खाली पनवेल बंदर, कल्याणकडची वाट, बोरघाटाकडची वाट. कुणी येतंय का, किती येतायत, कुठे वळतायत, हे सांगण्यासाठी एक-दोन डोळे इथे ठेवलेले. आणि ते डोळे रोज वर चढावेत म्हणून हा जिना. महालापेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते. उन्हात, वाऱ्यात, एकट्याने, दिवसभर बघत बसणाऱ्या माणसासाठी कुणीतरी एवढा कातळ फोडला.

छिन्नीवाला क्षणभर थांबतो. कपाळावरचा घाम मनगटाने पुसतो. तुम्ही ज्या पायरीवर उभे आहात तिच्याकडे तो बघतो, नीट बसलीय ना म्हणून. मग पुन्हा टण्.

हाताखालचा दगड आता गरम वाटतो. साल सोडा, आता शतकंही मोजता येत नाहीत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे डोंगर नव्हता. जमीन फाटून लाव्हा वाहत होता, पसरत होता, थंड होत होता, आणि त्याच्यावर पुढचा थर येत होता. असे थर एकावर एक. आज तुम्ही ठाकूरवाडीपासून त्या थरांवरूनच चढत आलात. आणि इथे तुमच्या वाटेचा नियम उलटा होतो, हे लक्षात घ्या. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. तुम्ही माणसांच्या काळात मागे जात होतात तेव्हा दगडाच्या काळात पुढे येत होतात. शिखराचा कातळ हा तुम्ही आज हात लावलेल्या सगळ्या दगडांत धाकटा. डायनासोर संपले त्या सुमाराचा, आणि तरी धाकटा. बाकी सगळं पावसाने केलं. लाव्हाचं एक अखंड पठार होतं. पाण्याने ते चिरलं, ओरबाडलं, आणि प्रबळ, कलावंतीण, इर्शाळ, माथेरान, चंदेरी असे तुकडे उभे ठेवले. तोच पाऊस अजून तेच काम करतोय. इर्शाळवाडीच्या रात्रीही तो तेच करत होता.

शेवटचा टप्पा. पायऱ्या संपतात आणि एक खडा कातळ उरतो, दोन पुरुष उंचीचा. इथे सोबतच्या मुलाचं ऐका. तो म्हणेल तिथेच बोटं रोवा. तो खाली उभा राहून तुमची टाच धरून खाचेत नेऊन ठेवेल, आणि तुम्ही वर ओढून घ्याल स्वतःला.

तुम्ही माथ्यावर आहात, आणि तुमच्याआधीच इथे गर्दी आहे.

शिमगा आहे. साल कुठलंही धरा, दोनशे वर्षांपूर्वीचं, पन्नास वर्षांपूर्वीचं, किंवा परवाचं. या एका दिवशी ती सगळी एकसारखी असतात. माचीवरचे ठाकर होळीला या सुळक्यावर येतात आणि नाचतात. चार पावलांवर दरी आहे आणि हे नाचतायत. ढोल आहे. पाय कातळावर एका ठेक्यात पडतायत. कुणी कठडा मागितला नाही, कुणी घाबरत नाही, कारण हा त्यांच्या घरामागचा डोंगर आहे. खाली ज्यांची राज्यं आली आणि गेली, निजामशहा, आदिलशहा, मोगल, मराठे, कंपनी, त्यांतल्या प्रत्येकाने गडावर माणूस बसवला आणि प्रत्येकाचा माणूस कधीतरी उतरून गेला. माचीवरची चूल मात्र पेटतीच राहिली. पाथरवटाला भाकरी कुणी आणली, उमाजीच्या माणसांना वाट कुणी दाखवली, साहेबाचं सामान वर कुणी वाहिलं, हे कागदावर नाही. माझ्या मनात त्याबद्दल शंकाही नाही. तुम्हाला मघाशी टाच धरून वर चढवणारा हात त्याच घरातला आहे.

नाच थांबतो तेव्हा दुपार चढलीय आणि तारीख आजची आहे. माथा रिकामा, एका काठीला भगवा फडफडतोय, आणखी चार ट्रेकर पाणी पितायत. संत्रं सोला. साल खिशात ठेवा, खाली टाकू नका. समोर प्रबळचा काळा बुरूज, त्याच्यामागे माथेरानची सपाट रेघ, एकीकडे इर्शाळचं टोक, दुसरीकडे कर्नाळ्याचा अंगठा. खाली द्रुतगती मार्ग, त्याच्यावर सरकणारे ट्रक. पश्चिमेला, धूसर हवेत, खाडी आणि तिच्या काठचं नवं विमानतळ, ज्याच्यासाठी उलव्याची अख्खी टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट केली. अलीकडे पनवेल, आणि पनवेलच्या पूर्वेला फिक्या ठिपक्यांची दाटी. तिच्यात सुकापूर आहे. तुमची गॅलरी इथून ओळखू येणार नाही. पण ज्या दगडाने ती उभी आहे, त्याच्यावर तुम्ही बसलाय.

ऊन कलायच्या आत निघायला हवं. उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे. चढताना कातळ दिसतो, उतरताना दरी दिसते. पहिल्याच पायरीशी तुमचे गुडघे थरथरतात आणि तुम्ही बसकण मारता, बसून सरकावं म्हणून. सोबतचा मुलगा आधीच दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिलाय. मान हलवून तो नको म्हणतो.

"बसू नका. तोंड दगडाकडं करा, शिडीवरनं उतरता तसं. दोन्ही हात ठेवा. आता उजवा पाय सोडा खाली... अजून. अजून जरा. लागली खाच?"

लागली.

"मग टाका वजन. आता डावा."